खाणकामगाराचं घर की लोकर कातरणाऱ्याचं? बरा गावातल्या एका पडवीचं प्रकरण

मी मूळची पुण्याची, आर्किटेक्चर तिकडेच केलं, आणि आता बरीच वर्षं ॲडलेडला राहून जुन्या दगडी घरांच्या दुरुस्तीचं काम करते. हे प्रकरण त्याच कामातलं आहे. घरमालक मराठी जोडपं आहे, मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणते, तेही मला ताई म्हणतात, तेच इथे लिहिते. गल्ली, साल, कंत्राटदार हे मुद्दाम दिलेलं नाही. घर खरं आहे, चुका पण खऱ्या आहेत, आणि त्यातली पहिली चूक माझी आहे.

पार्श्वभूमी

साउथ ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला साधारण 160 किलोमीटरवर बरा नावाचं गाव आहे. नाव कुठून आलं यावर वाद आहेत, पण एक मत असं की इथल्या पहिल्या मेंढपाळांमध्ये हिंदुस्थानातून आणलेले मजूर होते आणि त्यांच्या तोंडी असलेल्या ‘बडा बडा’चं बरा-बरा झालं. हे मत खरं निघो न निघो, मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे गावाचं नाव सांगायला गेलं तरी सुरुवात मेंढपाळापासूनच होते. खाण नंतर आली.

1845 मध्ये इथे तांबं सापडलं ते सुद्धा मेंढपाळांनाच. मेंढरांमागे फिरताना ओढ्याच्या काठी हिरवट-निळे दगड दिसले आणि बातमी ॲडलेडला पोचली. मग 20,000 एकर जमीन 20,000 पाउंडांना घ्यायची होती, आणि एवढे पैसे कुठल्याच एका गटाकडे नव्हते. एक गट पैसेवाल्या बड्या लोकांचा, दुसरा दुकानदार-व्यापाऱ्यांचा, लोक त्यांना नॉब्स आणि स्नॉब्स म्हणायचे. दोघांनी मिळून पैसे भरले, जमिनीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरेचा तुकडा दुकानदारांना लागला आणि खरं तांबं तिथेच होतं. बड्या लोकांची प्रिन्सेस रॉयल खाण 1851 पर्यंत बसली आणि ती जमीन मेंढरांच्या रानात गेली. म्हणजे या गावात अगदी पहिल्या दिवसापासून एका कुंपणाच्या अलीकडे खाण आणि पलीकडे मेंढरं, असंच आहे.

खाण मात्र जबरदस्त चालली. कॉर्नवॉलहून खाणकामगार आले, वेल्सहून भट्टीवाले आले, 1851 च्या सुमाराला पाचेक हजार वस्ती होती, किनाऱ्यापासून आत असलेलं ऑस्ट्रेलियातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं गाव. घरं पुरेनात म्हणून अठराशेच्या आसपास माणसं ओढ्याच्या काठाची माती कोरून त्या भोकांमध्ये राहत होती, बायकापोरांसकट, आणि पूर आला की सगळं पाण्यात. मग कंपनीने दगडी घरांच्या चाळी बांधल्या, त्यातली पॅक्स्टन स्क्वेअरची 33 घरं अजून उभी आहेत. खाणीचा सेक्रेटरी हेन्री एअर्स पुढे साउथ ऑस्ट्रेलियाचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाला आणि उलुरूला, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड लाल खडकाला, एअर्स रॉक हे नाव पडलं ते त्याच्याचवरून. 1877 ला खाण बंद झाली. एकूण 32 वर्षं.

आणि त्यानंतर? त्यानंतर आजपर्यंत हे गाव लोकरीवर, मेंढरांवर आणि थोड्याफार धान्यावर जगलंय. सर्व्हेअर जनरल गॉयडरने 1865 मध्ये घोड्यावरून फिरून एक रेषा आखली, तिच्या अलीकडे पाऊस भरवशाचा, पलीकडे शेती करू नका, ती रेषा गावाच्या जवळूनच जाते. पलीकडे गव्हाचा हट्ट धरणाऱ्यांची दगडी घरं आज भिंतींनिशी ओस पडलीत, मेंढरं मात्र टिकली. आपल्याकडे माणदेशात गेलं की कसं कळतं, इथे पाऊस संपला आणि धनगर सुरू झाले, अगदी तसं.

पण पाटी तांब्याची. चिमणी, इंजिन हाउस, दारूगोळ्याची कोठी, जुना तुरुंग हे सगळं नीट जपलेलं आहे, व्हिजिटर सेंटरमधून चक्क एक किल्ली मिळते, ती घेऊन आपली आपण कुलपं उघडून जागा बघायच्या. 2017 मध्ये बरा आणि मूंटा ही कॉर्निश खाणींची गावं राष्ट्रीय वारसा यादीत गेली. हे सगळं योग्यच आहे, मला त्याचा अभिमानच वाटतो. पण त्यामुळे जुनं घर दिसलं की प्रत्येक जण ‘मायनर्स कॉटेज’ म्हणतो आणि पुढे विचार थांबतो. आमचाही थांबला होता.

घर आणि माणसं

वहिनी नर्स आहेत, बाहेरगावच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून दोघं बराला गेले. दादांचं काम घरून चालतं. त्यांनी दोन खोल्यांचं जुनं दगडी घर घेतलं, भिंती दीड फूट जाड, आत एका टोकाला मोठी चूल आणि धुराडं, मागच्या बाजूला उतरत्या पत्र्याची लाकडी पडवी. दादांना इतिहासाची खरी ओढ. खाणीबद्दल मिळेल ते वाचून काढलेलं, 1848 चा खाणकामगारांचा संप कशावरून झाला हे ते तासभर सांगू शकतात. त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं, घर 1850 च्या दशकात जसं असेल तसं करायचं, आणि वर्षातले काही आठवडे पाहुण्यांना भाड्याने द्यायचं.

वहिनी माण तालुक्यातल्या. आजोबांची मेंढरं होती, घोंगड्या होत्या, लहानपणी मेंढरांच्या वाड्यावर राहिलेल्या. हे मला खूप नंतर कळलं, कारण सुरुवातीला सगळं बोलणं दादांशीच झालं. हे का सांगते ते पुढे येईलच.

अडचण

पहिली अडचण भिंतीची. आपल्याकडे म्हणतात ना भिंतीला लोणा लागला, तेच, पण इकडे तो राक्षसासारखा लागतो. जमिनीत क्षार भरपूर, उन्हाळा कोरडा कडक, पाऊस थंडीत पडतो, त्यामुळे ओल दगडातून वर चढते, उन्हाळ्यात वाळते आणि वाळताना क्षाराचे खडे दगडाच्या आत फुलतात. दगड आतून फुटतो. हात फिरवला की रवाळ भुगा हातात येतो. इकडे याला सॉल्ट डॅम्प म्हणतात आणि साउथ ऑस्ट्रेलियातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात त्याची गोष्ट असते.

या घरात आधीच्या कुणीतरी आतून तीन-साडेतीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारला होता आणि बाहेरून भिंतीला चिकटून काँक्रीटचा पट्टा ओतला होता. दोन्ही चांगल्या मनाने केलेलं असणार, पण परिणाम उलटा. काँक्रीटमुळे पावसाचं पाणी भिंतीकडेच वळत होतं आणि लाकडी फ्लोअरखाली हवा जायला ठेवलेली भोकं बुजली होती. आणि सिमेंटमुळे ओलीला श्वास घ्यायला जागाच नाही, मग ती सिमेंटच्या वर चढून बाहेर पडायची. म्हणून सिमेंटच्या बरोबर वर, छातीच्या उंचीला, सगळीकडे पोपडे.

दुसरी अडचण पडवी. तिचे दोन खांब खाली कुजले होते, एकाला वाळवी. आत भिंतींना कागद, कागदाखाली तागाचं कापड. दादांना ती पडवी म्हणजे मूळ घरावर चढलेलं ओझं वाटत होती. त्यांनी मला फोन केला, फोटो पाठवले, विचारलं, ‘ताई, ही पाडली तर चालेल ना? ही काही मायनरच्या काळातली नाही.’

मी फोटो बघितले आणि म्हणाले, नंतरची आहे, गेली तरी मूळ घराला धक्का नाही, परवानगी मात्र बघावी लागेल. त्या वाक्यातला पहिला भाग त्यांनी ऐकला. माझं चुकलं ते परवानगीचं सांगण्यात नाही, मी न बघता मत दिलं त्यात चुकलं. नंतरचं म्हणजे कमी महत्त्वाचं, हे मी कुठे शिकले होते? कुठेच नाही. उलटच शिकले होते, आणि ते सुद्धा याच गावाच्या नावाने. ऑस्ट्रेलियातल्या वारसा जतनाचे नियम 1979 मध्ये याच गावात बसून ठरले, म्हणून त्यांना बरा चार्टर म्हणतात. त्यात सरळ म्हटलंय की एखाद्या वास्तूत वेगवेगळ्या काळांच्या खुणा असतील तर त्या सगळ्यांचा मान ठेवा, एका काळाला उठाव देण्यासाठी दुसरा काढायचा असेल तर काढलेला भाग खरोखरच किरकोळ महत्त्वाचा असला पाहिजे. किरकोळ आहे की नाही हे आधी बघावं लागतं. मी बघितलंच नव्हतं.

त्याच शनिवार-रविवारी दादांनी पडवीच्या लांब भिंतीवरचा कागद आणि कापड ओरबाडून काढलं आणि कचऱ्यात नेऊन टाकलं. पाडकाम नव्हे, फक्त साफसफाई, असं त्यांना वाटलं.

दाभण

सोमवारी वहिनी ड्यूटीवरून आल्या, पडवीत चहा घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना उघड्या पडलेल्या फळ्यांच्या फटीत काहीतरी लोखंडी अडकलेलं दिसलं. बोटभर लांब, गंजलेलं, टोकाशी चपटं आणि जरासं वाकडं, मागे मोठं नेढं. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ, ‘ताई, ही दाभण आहे. खाणीत दाभण कशाला?’

मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला असेल. पोती शिवायची दाभण. पोतं म्हणजे इथे लोकरीची गोण. लोकर कातरली, प्रतवारी लावली, यंत्रात दाबून गोणीत भरली की गोणीचं तोंड दाभणीने शिवायचं, ही इथली जुनी पद्धत. आणि त्या गोण्या तागाच्या असत. ताग बंगालचा, गोण्या बऱ्याचशा कलकत्त्याच्या बाजूने बोटीने यायच्या. मग मी वहिनींना विचारलं की कचऱ्यात गेलेलं कापड कसलं होतं, साधं तरट की जाड? त्या म्हणाल्या जाड, विणीत निळी रेघ असलेलं, आणि छोट्या भिंतीवर अजून आहे, कागदाखाली.

मी दुसऱ्याच दिवशी गाडी काढली.

छोट्या भिंतीवरचा कागदाचा एक सुटलेला कोपरा आम्ही हळूच उचलला. कागद तीन थरांचा, सगळ्यात आतला थर म्हणजे वर्तमानपत्र, खळीने चिकटवलेलं, आणि त्याच्या मागे ताग. तागावर काळ्या शाईत छापाची अक्षरं, अर्धी वाचता येणारी. एका स्टेशनच्या नावाची शेवटची चार अक्षरं, खाली एएए एम आणि शेजारी आकडा. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, इकडे मेंढरांच्या मोठ्या रानाला स्टेशनच म्हणतात. दुसऱ्या तुकड्यावर फक्त पीसीएस.

शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहतात, आयुष्यभर शिअरर, म्हणजे लोकर कातरण्याचं काम केलेले. आम्ही त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणतो. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून वाचलं आणि सांगितलं की एएए एम म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढरांची चांगली, मुख्य लोकर, पीसीएस म्हणजे पीसेस, कडेचे काढलेले तुकडे. मग बोट खांबाकडे. खांबावर पेन्सिलीने चार उभ्या रेघा आणि एक आडवी, चार उभ्या आणि एक आडवी, अशा ओळीच्या ओळी. ‘कुणीतरी घरी येऊन आपला हिशोब पडताळून बघत होता,’ असं त्यांचं म्हणणं. कातरणाऱ्याला मेंढरामागे पैसे मिळतात, दिवसाचे दोन-दोन तासांचे चार टप्पे, प्रत्येक टप्प्यात किती मेंढरं झाली तो आकडा हीच त्याची कमाई. कातरायच्या शेडमधला आकडा एक आणि आपला एक असं होऊ नये म्हणून माणूस लिहून ठेवतो. वहिनी हे ऐकताना खांबाला हात लावून उभ्या होत्या, म्हणाल्या आमच्याकडे आजोबा दाराच्या चौकटीवर कोळशाने असंच करायचे.

वारसा म्हणजे काय यावर मी कितीतरी लेक्चर ऐकलीत. त्या दिवशी त्या पडवीत जे होतं तेवढं स्पष्ट मला कधी दिसलं नव्हतं.

पर्याय

आता ठरवायचं होतं. आम्ही चौघं, म्हणजे आजोबांसकट, किचनमध्ये बसलो.

पडवीसाठी पहिला पर्याय, दादांचा मूळचा, पाडून टाकायची आणि मागची दगडी भिंत मोकळी करायची. फायदा खरा होता, ती भिंत मोकळी झाली की वाळली असती, आणि घर बाहेरून खाणीच्या काळातलं दिसलं असतं. तोटा, 32 वर्षांच्या गोष्टीसाठी सव्वाशे-दीडशे वर्षांची गोष्ट पुसायची. शिवाय गावाचा मोठा भाग स्टेट हेरिटेज एरिया आहे, तेव्हा मागची बाजू आहे, रस्त्यावरून दिसत नाही, हे कारण चालणार नव्हतं.

दुसरा, तागाचे छापवाले तुकडे आणि खांब सोडवून म्युझियमला द्यायचे आणि बाकी पाडायची. मला सुरुवातीला हा बरा वाटला, खोटं कशाला बोलू. पण आजोबांनी विचारलं की खांब म्युझियममध्ये उभा केला तर तो कुठल्या घरचा हे कोण सांगणार? तेही या गावाला माहीत असलेलं दुःख आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या खाणीवर परत उघडी खाण सुरू झाली तेव्हा पीकॉकची चिमणी आड येत होती, तर ती दगड-दगड सोडवून दुसरीकडे उभी केली. वाचली हे चांगलंच झालं. पण ती जागेवरची नाही हे सांगावं लागतं.

तिसरा, पडवी आहे तिथेच ठेवायची, फक्त कुजलेलं तेवढं बदलायचं.

भिंतीसाठी वेगळा हिशोब. एका कंत्राटदाराने सांगितलं होतं, सिमेंट खरवडून वॉटरप्रूफचं नवं सिमेंट मारू, आठवड्यात काम, गॅरंटी पण देतो. दुसरा मार्ग भिंतीला ओळीने भोकं पाडून केमिकल भरायचं, म्हणजे ओल वर चढायची थांबते. पण ही भिंत दोन्ही बाजूंना दगड आणि मध्ये माती-चुन्याची भर अशी आहे, केमिकल आत सारखं पसरेलच असं नाही. तिसरा, खालचे थर थोडे-थोडे काढून ओल अडवणारा थर घालून परत बांधायचे. पक्का उपाय, पण महाग, आणि खालचा मूळ दगड जातो. चौथा, आधी कारणं काढायची, काँक्रीट, तुंबलेली पन्हळ, बुजलेली भोकं, सिमेंट, आणि मग भिंतीला वाळू द्यायचं. यात अडचण वेळेची. इंचभर भिंत वाळायला महिना हा ढोबळ हिशोब, म्हणजे दीड फुटाला दीड वर्ष. दादांना पाहुणे पुढच्या उन्हाळ्यात आणायचे होते, हप्ते चालू होते, तेव्हा दीड वर्ष थांबा असं सांगणं माझ्यासाठी सोपं होतं, त्यांच्यासाठी नव्हतं. हे मी तेव्हा पुरेसं लक्षात घेतलं नाही आणि आमचं थोडं वाजलं सुद्धा.

शेवटी निर्णय वहिनींनी केला. पडवी ठेवायची, भिंतीला वाळू द्यायचं, आणि पाहुणे येतील तेव्हा येतील, तोवर मी दोन ड्यूट्या जास्त करते. दादा काही वेळ गप्प बसले, मग उठून पडवीत गेले. आल्यावर म्हणाले की मी टाकलेल्या भिंतीवर पण अक्षरं असतील ना? कुणी उत्तर दिलं नाही.

काय केलं

सगळ्यात आधी फोटो. प्रत्येक फळी, प्रत्येक खांब, खांबावरच्या रेघा तिरप्या उजेडात, कारण समोरून फ्लॅश मारला की पेन्सिल दिसत नाही. हे काम दोन दिवस चाललं आणि मला वाटतं सगळ्यात मोलाचं हेच.

मग कागदपत्रं. जुन्या स्थानिक कराच्या नोंदी बघितल्या, बरा रेकॉर्ड नावाचं इथलं जुनं वर्तमानपत्र ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात, 1954 पर्यंत फुकट वाचता येतं, ते चाळलं. खाण बंद झाल्यानंतर घरात एक मजूर कुटुंब आलं आणि पुढे बराच काळ घरातल्या पुरुषांचा धंदा शिअरर असा लागत गेला. भिंतीवरच्या वर्तमानपत्राची तारीख पहिल्या महायुद्धाच्या आधीची निघाली, ती या सगळ्याशी जुळते. घर खाणकामगाराचं होतं ते थोडी वर्षं, लोकरवाल्यांचं होतं ते कितीतरी जास्त.

पडवीचे दोन खांब. पूर्ण बदलायचे नाहीत असं ठरलं, खालचा कुजलेला फूटभर कापून नवं लाकूड सांध्याने जोडलं, वरचा रेघांचा भाग जागेवर. लागेल तेवढंच बदला आणि होईल तितकं कमी बदला, चार्टरचं हे वाक्य म्हणायला सोपं आहे, पण सुतार म्हणत होता नवा खांब अर्ध्या वेळात बसेल आणि त्याचंही खरं होतं. वाळवीचा बंदोबस्त केला. पत्रा तोच, फक्त खिळे आणि पन्हळ नवी. छोट्या भिंतीचा ताग जागेवरच ठेवला, सुटलेल्या कडा टाचल्या, समोर हवा खेळती राहील अशी जाळीची चौकट.

भिंतीचं काम जास्त चिवट. बाहेरचं काँक्रीट तोडलं, उतार घराकडून बाहेर केला, भोकं उघडली. आतलं सिमेंट छिन्नीने, हळूहळू, कारण घाई केली की सिमेंटबरोबर दगडाची साल येते. दोन ठिकाणी आलीच. मग क्षार ओढून घ्यायला ओल्या लगद्याचे थर लावले, वाळले की काढले, परत लावले. दरजा चुना आणि वाळूने भरल्या, सिमेंटचा कणही नाही. वरून चुन्याचा मऊ गिलावा, जो मुद्दाम झिजण्यासाठीच असतो, क्षार त्याच्यात येऊन फुलतात आणि दगड वाचतो. काही वर्षांनी तो खरवडून परत करायचा. दादांना हे पटवायला वेळ लागला, पैसे देऊन झिजणारी गोष्ट का लावायची. वहिनी म्हणाल्या, आपण गावाकडे दरवर्षी सारवत नव्हतो का? मग पुढे चर्चा झाली नाही.

काय झालं

पहिली थंडी गेली तेव्हा भिंत अजून ओली होती आणि दादा नाराज. दुसऱ्या उन्हाळ्यात चुन्यावर पांढरी बुरशीसारखी फुलं आली, ते घाबरून फोन करत होते, मी म्हटलं हेच हवं होतं, बाहेर येतंय. वहिनींनी एक मोजणी सुरू केली जी मी कुणाला सांगितलेली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भिंतीच्या बुडाशी पडलेला भुगा झाडून काचेच्या बरणीत भरायचा, बरणीवर महिन्याची चिठ्ठी. फडताळात ओळीने बरण्या. पहिली जवळजवळ अर्धी भरलेली, मग उतरत-उतरत शेवटच्या दोन-तीन बरण्यांमध्ये तळाला चिमूटभर. कुठलंही मीटर मला इतकं खात्रीचं वाटलं नाही.

चुलीशेजारचा कोपरा मात्र अजून दाद देत नाही. तिथे खाली काहीतरी वेगळं आहे, बहुतेक जुनी भर.

पाहुणे येतात आता, ठरवलं होतं त्यापेक्षा एक वर्ष उशिरा. बहुतेक जण खाण बघायला आलेले असतात, किल्ली घेऊन दिवसभर फिरतात, संध्याकाळी पडवीत बसतात. दादा त्यांना आधी 1848 चा संप सांगतात, मग खांब दाखवतात. आजोबा कधीकधी येतात आणि कातरी हातात नसतानाही हात कसा चालतो ते दाखवतात, डाव्या हाताने कातडी ताणायची, उजव्याने लांब फटकारा, आणि गुडघ्यांमध्ये मेंढरू असं धरायचं की त्याला पाय टेकताच येऊ नयेत.

वेगळं काय करता आलं असतं

न बघता मत दिलं नसतं तर लांब भिंतीचा ताग वाचला असता. स्टेशनचं पूर्ण नाव बहुधा तिथेच होतं, छोट्या भिंतीवर शेवटची चार अक्षरंच आहेत आणि त्या चार अक्षरांनी संपणारी नावं या भागात एकाहून जास्त आहेत. आता मी फोनवर फक्त एवढंच सांगते की मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका, कागदाला सुद्धा नाही.

पहिल्याच दिवशी वहिनींशी बोलायला हवं होतं. घरात कोण राहणार, कुणाला काय ओळखता येतं हे विचारायला दहा मिनिटं पुरतात. मी घराच्या मालकांशी बोलले असं समजत होते आणि खरं तर एकाच माणसाशी बोलत होते.

दादांशी पैशांचं बोलणं आधी करायला हवं होतं. दीड वर्ष वाळवायचं म्हणजे दीड वर्ष भाडं नाही, हे कागदावर मांडून, टप्पे करून दिलं असतं तर एक खोली आधी तयार करून उघडता आली असती. हे मला काम संपल्यावर सुचलं.

आणि सिमेंट काढताना दगडाची साल दोन ठिकाणी गेली तिथे मी कारागिराला एका दिवसात जास्त भिंत उरकायला सांगितली होती, कारण मला ॲडलेडला परतायचं होतं.

कचरा डेपोत आम्ही तिसऱ्या दिवशी जाऊन बघितलं होतं. खड्डा बुजवलेला होता. दादा तिथे काठावर बराच वेळ उभे होते, पलीकडच्या बोडक्या टेकड्यांवर मेंढरं चरत होती. खाणीच्या भट्ट्यांना लाकूड लागलं, आसपासची झाडं तोडली गेली, त्या टेकड्या परत झाडांनी भरल्याच नाहीत, आणि त्यांच्यावरच पुढे लोकर पिकली.

दाभण वहिनींनी म्युझियमला दिली नाही. पडवीत त्याच फटीत आहे, आणि चुलीजवळच्या कोपऱ्यासाठी मी जुलैच्या पावसानंतर परत जाणार आहे.